एक मोठी गाडी की दोन लहान?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची सांगलीची हौशी नाट्यसंस्था. डिसेंबरात संगीत नाटकाचे चार प्रयोग ठरलेत. शुक्रवारी रत्नागिरी, शनिवारी कुडाळ, रविवारी गोव्यातलं फोंडा, सोमवारी मडगाव आणि मंगळवारी घरी. आम्ही एकोणीस जण, त्यात दोन गायक सत्तरी ओलांडलेले. सामानात आठ बाय चार फुटांचे दहा फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी), सहा लेव्हल (रंगमंचावर मांडायचे चौथरे), एक झोपाळा, ऑर्गन आणि पाच ट्रंका. गाडीवाल्यानं 32 सीटची मिनीबस 40 रुपये किलोमीटरनं सांगितली, सामान मागच्या सीटांवर आणि टपावर टाका म्हणाला. दुसरा पर्याय 17 सीटची ट्रॅव्हलर 24 रुपयांनी आणि सामानाला टाटा चारशेसात टेम्पो, दिवसाला 6,500, डिझेल धरून. काही जण रेल्वे म्हणतात, एक जण एसटीचा करार म्हणतो. रोज यावरून वाद होतात. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वाद होतायत हे चांगलं लक्षण आहे. अनेक संस्थांत गाडी आदल्या आठवड्यात कुणीतरी फोनवर ठरवतो आणि बाकीच्यांना ती दारात उभी राहिल्यावर दिसते.

आधी रेल्वेचं सांगते. सांगली-मिरजेहून कोकणात उतरणारा रूळच नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची चर्चा माझ्या उमेदवारीच्या दिवसांपासून ऐकतेय. आज मिरजेहून गाडी जाते ती बेळगाव, लोंढा, कॅसल रॉक करत दूधसागरच्या घाटातून थेट गोव्यात. म्हणजे मडगावला पोचाल, पण रत्नागिरी आणि कुडाळ तुमच्या उलट्या अंगाला राहतील. कोकण रेल्वेनं रत्नागिरी ते कुडाळ असा एक टप्पा जाता येईल, पण कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात दहा फ्लॅट उतरवून दाखवा. तेव्हा सामानासाठी रेल्वे सोडून द्या. ती एका ठिकाणी कामाला येईल, ते पुढे सांगते.

आता दरांकडे. तुम्ही 40 आणि 24 या आकड्यांची तुलना करताय, पण त्या दोन्हींच्या मागे एक तिसरा आकडा आहे. गाडीवाल्याला विचारा, "दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार?" मुक्कामी गाडीला बहुतेक मालक दिवसाला किमान 300 किलोमीटर लावतात, गाडी तेवढी चालो न चालो. तुमचा मार्ग मी मांडून बघितला. सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी साधारण 180. रत्नागिरी-कुडाळ दीडशेच्या आसपास. कुडाळ-फोंडा शंभर-एकशेपाच. फोंडा-मडगाव वीस. मडगावहून सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूर करत सांगली पावणेतीनशेच्या घरात. सगळं मिळून सव्वासातशे, गावातली फिरती धरली तर साडेआठशे. आणि बिल होणार पाच दिवस गुणिले 300, म्हणजे 1,500 किलोमीटरचं! कोकणच्या दौऱ्यात हे नेहमी होतं, कारण गावं जवळजवळ असतात आणि गाडी दिवसभर नाट्यगृहाच्या आवारात उभी असते.

त्या हिशेबानं मिनीबस 60,000 रुपये. ट्रॅव्हलर 36,000 आणि टेम्पो 32,500, म्हणजे दोन्ही मिळून 68,500. टोल, परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता दोन्हीकडे वेगळा. फरक 8,500 रुपयांचा. चार प्रयोगांत वाटला तर प्रयोगामागे सव्वादोन हजाराच्या आत.

मी तो फरक भरीन. का, ते नीट सांगते.

मी या धंद्यात कपडेपटातून आले. शालू, अंगरखे, पगड्या सांभाळता सांभाळता व्यवस्थापक झाले, त्याला आता 27 वर्षं होतील. सुरुवातीच्या काळात आम्हीही एकच मोठी गाडी करायचो. माणसं पुढे, ट्रंका मागे, सेट टपावर. एका ऑक्टोबरात परतीच्या पावसानं आम्हाला आंबा घाटात गाठलं. टपावरची ताडपत्री एका कोपऱ्यानं सुटली आणि वळणावळणावर फडाफडा आपटायला लागली. घाटात गाडी थांबवायला जागा नव्हती. साखरप्याला उतरून बघितलं तेव्हा वरची ट्रंक पाण्यानं भरली होती. नायिकेच्या लाल शालूचा रंग नायकाच्या पांढऱ्या अंगरख्यावर उतरला होता, छातीवर, बरोबर मधोमध. ऑर्गन मागच्या सीटवर होता, त्यावर थेट पाणी पडलं नव्हतं, पण दमटपणानं पट्ट्या फुगल्या. दाबलेली पट्टी वर येईना. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी रत्नागिरीत दुकानातून साठ वॅटचा बल्ब आणला, ऑर्गनचं मागचं फळकूट काढलं आणि दुपारी एकपासून सहापर्यंत तो बल्ब आत पेटता धरून बसले. मध्येच एकेक पट्टी दाबून बघायचे. जेवले नाहीत. नांदी झाली ती त्या बल्बच्या जोरावर. अंगरख्याचा डाग मी पावडरीनं झाकला आणि नटाला सांगितलं, उपरणं छातीवरून काढू नका. तो अख्खा प्रयोग त्यांनी एका हातानं केला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. टेम्पो कुठंही अडकला तरी प्रयोग व्हायला हवा. सामानाची वाटणी त्यावरून करायची. कपडेपट, दागिने, रंगभूषेची पेटी, तबला, तंबोरा आणि एक साधी हातपेटी माणसांच्या गाडीत. फ्लॅट, लेव्हल, झोपाळा, ऑर्गन टेम्पोत. उद्या टेम्पोचा टायर फुटला, गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर कागद अडले, तरी तुम्ही काळ्या पडद्यासमोर हातपेटीवर नाटक करू शकता. प्रेक्षक झोपाळा विसरतील. पण शालूशिवाय नायिका आणि सुराशिवाय पद हे संगीत नाटकाचा प्रेक्षक सोसत नाही, आणि सोसूही नये.

ट्रॅव्हलरला डिकी लहान असते, तेव्हा पाच ट्रंका जाणार नाहीत. कपडे ट्रंकेतून काढून मऊ बॅगांत भरा, त्या सीटखाली आणि मधल्या वाटेच्या शेवटी बसतात. रिकाम्या ट्रंकांत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू, घाला आणि त्या टेम्पोत टाका.

माणसांचा हिशेब बरोबर जुळतो. ट्रॅव्हलरमध्ये सतरा, चारशेसातच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी दोन. ते दोघे तुमच्या बॅकस्टेजची मुलं असू देत, म्हणजे पोचल्याबरोबर सेट लावायला हात लागतील. पण केबिनमध्येच. टेम्पोच्या हौद्यात सामानावर कुणीही बसणार नाही, "ताई, आम्हाला सवय आहे" म्हणाले तरी नाही. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही हे एक. आणि घाटात दहा फ्लॅट एका अंगाला सरकले की त्यांच्यामध्ये बसलेल्या मुलाचं काय होतं, याची कल्पना मला करवत नाही.

टेम्पो पुरेल का, हे मालकाला विचारू नका. तो पुरेल म्हणणारच. तालमीच्या हॉलच्या फरशीवर खडूनं दहा बाय सहाचा चौकोन आखा, चारशेसातचा हौदा जवळपास तेवढा असतो. ठरवलेल्या गाडीचं माप मात्र टेपनं घ्या, हौदे वेगवेगळे बांधलेले असतात. मग त्या चौकोनात तुमचा सेट खरोखर रचून बघा. दहा फ्लॅट उभे लावले तर अडीच फूट रुंदी खातील. उरलेल्या साडेतीन फुटांत लेव्हल एकावर एक. फूटभर उंचीचे सहा लेव्हल म्हणजे सहा फूट झाले, ते ताडपत्रीच्या वर जातील. इथेच तुम्हाला कळेल की लेव्हल घडीचे करून घ्यायला हवेत, किंवा चौदा फुटी आयशर, म्हणजे मोठी मालगाडी, सांगायला हवी. आमच्याकडे या खडूच्या चौकोनावरून एकदा अर्धा सेट कमी झाला. दिग्दर्शक आधी रागावले, मग म्हणाले, तो खांब तसाही नको होता.

भरताना जे आधी लागतं ते शेवटी भरा. लेव्हल आधी मांडावे लागतात, म्हणून ते दाराशी. झोपाळा सगळ्यात आत. आणि ऑर्गन ड्रायव्हरच्या पाठीला टेकवून, गोधडीत गुंडाळून. तिथे धक्के कमी बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झोप.

संगीत नाटक साडेनऊला सुरू झालं की पदांना वन्समोर धरून एकला सुटतं. सेट उतरवून, भरून अडीच वाजतात. एकाच गाडीत सगळं असेल तर सगळी मंडळी सेट भरेपर्यंत विंगेत ताटकळतात, सत्तरीचे गायकसुद्धा. दोन गाड्या असल्या की ट्रॅव्हलर प्रयोग सुटल्यावर पंधरा मिनिटांत मुक्कामावर जाते. गळा आणि कंबर दोन्ही आडवे होतात. सेट भरायला स्थानिक हमाल आधीच सांगून ठेवा, म्हणजे मुलंही तीनच्या आत झोपतील.

रात्रीचा प्रवास करायचा नाही. रत्नागिरीचा प्रयोग संपवून रातोरात कुडाळ गाठू, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचेल, असा सूर तुमच्या संस्थेत निघेलच, सगळीकडे निघतो. आमच्याकडेही निघायचा. एका रात्री मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. समोरच्या आरशात त्याचे डोळे दिसत होते. त्याने दोन वेळा गालावर चापट मारून घेतली. तिसऱ्यांदा आरशात डोळे दिसलेच नाहीत, पापण्या दिसल्या. मी खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, दादा, पुढचा पंप दिसला की गाडी लावा. त्या पंपावर आम्ही बावीस माणसं सहा वाजेपर्यंत बसल्या बसल्या झोपलो. ड्रायव्हर माझ्या पातळावर, खाली फरशीवर. सकाळी तो मला म्हणाला, "ताई, परवा रात्रीपासून स्टिअरिंगवरच आहे, आधीची ट्रिप सोडून थेट तुमच्याकडे आलो." हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. अभिनेत्री भक्ती बर्वे 2001 च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. 2012 च्या डिसेंबरात अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे त्याच रस्त्यावर गेले. आपल्या माणसांची ही नावं घेतल्याशिवाय मला गाडीविषयी बोलताच येत नाही. रात्री एक ते पहाटे पाच माझी कुठलीही गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला जात नाही.

म्हणून ड्रायव्हरची व्यवस्था तुमच्या यादीत नटांच्या वर लिहा. गाडी ठरवताना विचारा, आधीची ट्रिप कधी संपते? मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात दिवसाचं काम आठ तासांचं धरलं होतं. तुमचे टप्पे लहान आहेत, ते सहज पाळता येईल. दोन्ही ड्रायव्हरना खाट द्या, खोलीत. गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेला माणूस सकाळी घाटात ताजा नसतो. कंत्राटदाराशी प्रयोगाचं बोलणं कराल तेव्हा मुक्कामाच्या खोल्यांत ड्रायव्हरची खोली धरूनच आकडा सांगा.

शनिवारचा दिवस मी असा मांडला असता : टेम्पो सकाळी आठला निघेल, बारापर्यंत कुडाळ. दोघं मुलं आणि तिथले दोन कामगार मिळून सेट उभा करतील. ट्रॅव्हलर दहाला निघेल, कणकवलीत जेवण, अडीचला कुडाळ. सगळ्यांना तासभर पाठ टेकायला मिळेल. साडेसातला मेकअप.

एसटीचा मार्ग मी थोडक्यात सोडत नाही, कारण एसटीवर माझा जीव आहे. महामंडळ सबंध गाडी भाड्यानं देतं, त्याला प्रासंगिक करार म्हणतात. आगारात अर्ज करायचा, मार्ग आणि दिवस लिहून द्यायचे. घाटरस्त्याला एसटीच्या चालकासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पण तिथेही किमान किलोमीटर लागतात, आणि चव्वेचाळीस सीटची गाडी एकोणीस माणसांना घेऊन पाच दिवस फिरवणं महाग जातं. शाळेचं समूहगीत पथक किंवा चाळीस जणांचं लेझीम पथक एका दिवसात जाऊन येणार असेल तर मी डोळे मिटून एसटी सांगीन. तुम्हाला नाही.

आता तुमचे पैसे कुठे वाचतील ते. दोन्ही मालकांकडे किलोमीटरचा दर सोडून ठोक भाव मागा. कागदावर सबंध मार्ग लिहून द्या आणि म्हणा, साडेआठशे किलोमीटर आणि चार मुक्काम, एकच आकडा सांगा. डिझेल 1,500 किलोमीटरचं जळणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. डिसेंबर हा सहलींचा महिना आहे, पण तुमचे रविवार-सोमवारचे दिवस त्यांच्याकडे मोकळे असू शकतात. 68,500 ची साठ हजारांच्या आसपास बोलणी होईल असं मला वाटतं, म्हणजे मिनीबसच्या भावात दोन गाड्या.

गोव्यात जाताय, तेव्हा ट्रॅव्हलरचं पर्यटन परमिट आणि टेम्पोचं नॅशनल परमिट डोळ्यांनी बघा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. गाडीची पाटी पिवळी हवी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, अपघातात विमा हात वर करतो. सेटच्या सामानाची यादी संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, दोन प्रती. एक टेम्पोत, एक तुमच्याजवळ.

आणि रेल्वे कुठे, ते सांगायचं राहिलं. मंगळवारचा परतीचा रस्ता आंबोलीतून सगळ्यात लांबचा आहे, चार रात्रींच्या जागरणानंतरचा. तुमच्या दोन ज्येष्ठ गायकांना, आणि सोबतीला एखाद्या तरुणाला, मडगावहून गोवा एक्स्प्रेसनं मिरजेला पाठवा. झोपून येतील. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून तसा नियम आहे, म्हणजे ऑक्टोबरातच तारीख गाठा. तीन तिकिटांचा खर्च थोडा आहे. त्यांना विचारून मात्र पाठवा. आमच्या एका बुवांना मी असं रेल्वेनं पाठवायला निघाले तर ते म्हणाले, "दौऱ्यातला परतीचा प्रवास सोडून मी गाडीत एकटा काय करू?" मग त्यांना पुढची एकटी सीट दिली आणि पाठीला दोन उशा.

तुम्ही सांगलीचे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटकाचा पहिला खेळ उभा केला त्या गावचे. भाव्यांनी 1853 मध्ये मुंबईत प्रयोग केले, त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. सांगलीच्या मंडळींच्या वाट्याला त्या वर्षी रूळ नव्हते, तरी ती माणसं सोंगं आणि पडदे घेऊन मुंबईला पोचली. गाडी ठरली की मला कळवा. मडगावचा प्रयोग कसा झाला तेही.

प्रश्न : पुण्यातल्या महाविद्यालयाची आमची एकांकिका दिल्लीच्या महोत्सवात निवडली गेली. चौदा जण आहोत, स्लीपरनं जाणार. सेटचे सहा फ्लॅट डब्यात नेता येतील का? कलाकारांना तिकिटात सवलत असते असं सरांनी सांगितलं.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : सरांचं सांगणं त्यांच्या काळापुरतं बरोबर आहे. रेल्वेत कलावंतांना सवलत होती, मी स्वतः त्या पत्रांवर कितीतरी दौरे केले. मार्च 2020 मध्ये बहुतेक सवलती थांबल्या, त्यात तीही गेली. बजेट पूर्ण भाड्याचं धरा.

सामानाचं असं आहे : स्लीपरमध्ये माणशी 40 किलो फुकट, आणि जादा पैसे भरून 80 पर्यंत. चौदा जणांचे 560 किलो झाले, म्हणजे वजनाची अडचण तुम्हाला नाही. अडचण मापाची आहे. डब्यात न्यायच्या पेटीला 100 बाय 60 बाय 25 सेंटीमीटरची मर्यादा आहे. आठ फुटी फ्लॅट 244 सेंटीमीटरचा. तो दारातून वळणार नाही, वळला तरी बाकीचे प्रवासी पाय कुठे ठेवतील?

पार्सल कार्यालयात बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकता येतो, पण ते करायचं तर पुण्याहूनच सुटणारी गाडी घ्या. मधल्या स्टेशनावर चढवायच्या घाईत फ्लॅट फलाटावर राहिलेला मी बघितलाय. गाडीच्या वेळेआधी दोन तास जा, प्रत्येक नगावर दोन बाजूंना संस्थेचं नाव आणि उतरायचं स्टेशन रंगानं लिहा, कागद चिकटवू नका.

पण मी तुमच्या जागी असते तर फ्लॅट नेलेच नसते. आयोजकांना आजच लिहा : आम्हाला सहा फ्लॅट, दोन लेव्हल, चार साध्या खुर्च्या तिथे मिळतील का? महोत्सवाच्या रंगमंचावर हे बहुतेक असतं. त्यावर घालायची कापडं तुम्ही इथून शिवून न्या. कापडाची खोळ, पाठीमागे नाड्या. सहा खोळी एका मोठ्या बॅगेत मावतात. रंगवलेला फ्लॅट प्रवासात टवके उडून जातो, कापड इस्त्री केली की नवं. तालमीत आठ दिवस आधीपासून खोळी घालूनच खेळा, म्हणजे दिल्लीत दार कुठे आणि खिडकी कुठे म्हणून कुणी गडबडणार नाही.

एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे तुमची तीन तिकिटं होतील. प्रत्येक तिकिटावर एक तरी जबाबदार मुलगा किंवा मुलगी असेल असं बघा, तीन डबे तीन टोकांना आले तर निरोप पोचवायला माणूस लागतो. नायक आणि त्याचा पर्यायी नट एकाच तिकिटावर नको. वेटिंग राहिलं तर दोघं एकदम अडकतील. महोत्सवाच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोचा. दिल्लीच्या थंडीत आवाज एक दिवस बसतो, दुसऱ्या दिवशी उघडतो.

प्रश्न : आम्ही बार्शीजवळच्या गावातल्या अकरा बायका भारुडं करतो. सामान म्हणजे ढोलकी, एकतारी, टाळ आणि दोन बोचकी. पंढरपूर, तुळजापूर, लातूरकडे बोलावणी येतात, आता कर्नाटकातल्या विजयपूरच्या मराठी मंडळींनीही बोलावलंय. आयोजक जीप पाठवतो म्हणतात, पण त्याचे पैसे मानधनातून कापतात. एसटीनं जावं का?
— एक भारुडकार, बार्शी तालुका

उत्तर : जावं, अगदी जावं. तुमच्यासारखं हलकं सामान माझ्या दौऱ्यांत कधी आलं नाही, मला हेवा वाटला.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांत. तुमच्यातली कुणी 75 वर्षांच्या पुढची असेल तर तिला तिकीटच नाही, आधार कार्ड जवळ ठेवायचं. जीपवाल्याच्या एका फेरीच्या पैशात तुमची अकरा जणींची येणी-जाणी होऊन मानधन हातात राहील. करार करू नका, सबंध गाडीचं भाडं पडेल. साधं तिकीट काढा. विजयपूरला जाताना एवढं लक्षात घ्या की सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचं पूर्ण भाडं पडेल. म्हणून त्या आयोजकांकडून प्रवासखर्च वेगळा मागा, मानधनात धरू नका.

ढोलकी टपावर किंवा डिकीत देऊ नका, मांडीवर घ्या. जुन्या लुगड्याची दुहेरी खोळ शिवा, तोंडाला नाडी. उन्हाच्या बाजूच्या खिडकीला बसू नका, चामडं ताणतं आणि कार्यक्रमाला बसल्यावर सूर वर चढलेला असतो. टाळांच्या जोड्या फडक्यानं वेगवेगळ्या बांधा, नाहीतर अख्खी गाडी तुमच्याकडे बघेल.

अडचण परतीची आहे. कार्यक्रम रात्री अकराला संपला तर गाडी नसते, आणि मग आयोजकाची जीप घ्यावीच लागते, तो म्हणेल त्या भावात. यावर माझा उपाय असा की बोलणी करतानाच मुक्काम मागा, गावातल्या एखाद्या घरात किंवा देवळाच्या ओवरीत, बायकांसाठी दार लागणारी जागा आणि जवळ न्हाणी हवी हे स्पष्ट सांगून. बऱ्याच गावांत रात्री एसटीची मुक्कामी गाडी येऊन थांबते आणि पहाटे सुटते. तिचे चालक-वाहक तिथेच कुठेतरी झोपतात. त्यांना संध्याकाळीच गाठून सांगा की आम्ही अकरा जणी पहाटे आहोत. मुक्कामी गाडीच्या वाहकाला एवढं सांगून ठेवलं की तो तुमची ढोलकी दिसेपर्यंत घंटी मारत नाही.